मराठी 'पवित्र शास्त्र', छापील आवृत्ती: धर्माचरणाविषयी मुळातून वाचायचे तर

उपासना, उपास, दानधर्म यांना ख्रिस्ती श्रद्धेत किती वजन आहे, हे मुळातून वाचायचे असेल तर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे 'पवित्र शास्त्र' छापील घ्या. रोज एक वचन पाठवणाऱ्या ॲपवर हे काम भागत नाही. आमोस या पुस्तकातले 5:21 (अध्याय 5, वचन 21) सुटे वाचले तर देवाला सण आणि मेळेच नकोत असे वाटते. 24व्या वचनापर्यंत गेलात की कळते, तक्रार न्याय सोडून केलेल्या उपासनेबद्दल आहे.

यात जुन्या कराराची 39 आणि नव्याची 27 अशी 66 पुस्तके आहेत. भाषा भारदस्त, थोडी जुन्या वळणाची. खिशात मावणाऱ्या प्रतीचा मोह टाळा. टाइप इतका बारीक असतो की सलग अध्याय वाचवत नाही. दुकानातच प्रत मधोमध उघडून शिलाईचा दोरा दिसतो का बघा. नुसती डिंकाने चिकटवलेली पाने वर्षभरात सुटू लागतात. पानांचे आकडेही सलग आहेत ना ते चाळून घ्या, कारण एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) गळालेला असू शकतो.

कागद पातळ असल्याने जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून पेन्सिल वापरा. पुण्याच्या पावसाळ्यात पाने दमट होऊन चिकटली तर पंख्याखाली सुकवा. उन्हात ठेवलीत तर वाकतील.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत, मथळ्याखाली समांतर उताऱ्यांचे संदर्भ आहेत, पण विषयवार दुवे आपल्यालाच जोडावे लागतात. समासात पुढचा संदर्भ लिहीत जा: मीखा 6:6-8 जवळ यशया 58, तिथे मत्तय 6:1-18, मग मार्क 7:1-23 आणि शेवटी याकोब 1:26-27. या क्रमाने वाचताना एक गोष्ट ठळक होते. येशू प्रार्थना किंवा उपास बंद करायला सांगत नाही, लोकांनी पाहावे म्हणून केलेला देखावा नाकारतो. मत्तय 5:23-24 मध्ये तर वेदीपाशी आणलेले अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो आणि मग परत येऊन अर्पण करायला.

मार्क 7 सावकाश वाचा. न धुतलेल्या हातांनी जेवण्यावरून हा वाद पेटतो. देवाला वाहिले आहे असे सांगून आईबापांना मदत नाकारण्याची पळवाटही येशू तिथेच उघडी पाडतो. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहावरून पुण्यात ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झाले, हे ठाऊक असलेल्या वाचकाला हा अध्याय परका वाटणार नाही. याकोब तर मोजक्या शब्दांत सांगतो: अनाथ-विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या, स्वतःला निष्कलंक ठेवा, जिभेला लगाम नसेल तर सगळे धर्माचरण व्यर्थ.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पौलाच्या रोमकरांस पत्रातले 3:28 आणि याकोब 2:24 शेजारीशेजारी ठेवल्यावर. एकीकडे माणूस नियमशास्त्राच्या (मोशेच्या धर्मनियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, दुसरीकडे केवळ विश्वासाने नाही. नुसती ही दोन वचने घेऊन वाद घालू नका. पौलासमोर प्रश्न आहे तो सुंता आणि नियमशास्त्र नसलेल्या परराष्ट्रीयांचा, म्हणजे यहुदी नसलेल्यांचा. याकोबासमोर आहे तो उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा' म्हणून वाटेला लावणारा माणूस. दोघेही दाखला अब्राहामाचाच देतात. म्हणून उत्पत्ती 15 आणि 22 या दोन्ही ठिकाणी कागदी खुणा घाला; फीत एकच असली तर पुरत नाही.

कॅथलिक वाचकाने मात्र ही प्रत घेण्याआधी 73 पुस्तकांचे बायबल मिळते का पाहावे. प्रार्थना, उपास आणि दानधर्म एकत्र सांगणारे टोबीत 12:8 या आवृत्तीत नाही, आणि दानाविषयी इतके सांगणारे सिराकचे पुस्तकही नाही.