कमांडआधीचा प्रॉम्प्ट ठेवावा की काढावा?

डॉक्युमेंटेशन लिहिताना कमांडच्या आधी प्रॉम्प्ट, म्हणजे टर्मिनल आपल्या टाइपिंगची वाट पाहताना दाखवतं ते $ किंवा # हे चिन्ह, ठेवावं, की नुसती कमांड द्यावी? मी दोन्ही पद्धतींनी पानं लिहिली आहेत.

प्रॉम्प्टसह लिहिलं की आपण काय टाइप केलं आणि मशीनने काय उत्तर दिलं, हे एकाच ब्लॉकमध्ये कळतं. नवशिक्याला त्याचा आधार वाटतो. चिन्ह कॉपी होऊ नये याचीही सोय आहे. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये त्याला ‘यूझर-सिलेक्ट: नन’ लावता येतं, आणि स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनाचं कॉपीबटन एक्स्टेन्शन, सांगून ठेवलं तर, प्रॉम्प्ट गाळूनच कॉपी करतं. ब्राउझरमध्ये हे उत्तम चालतं. पण रात्री सर्व्हरवर अडकलेला माणूस बहुधा रीडमी (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) थेट टर्मिनलमध्ये उघडतो, नाहीतर कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ओळ उचलतो. तिथे गाळणारं कुणी नसतं.

$ आला तर बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा शेल, निदान ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतो. मला नडला तो #. रूटने (सर्वाधिकार असलेल्या यूझरने) चालवायची कमांड म्हणून मी # लिहून पुढे सर्व्हिस पुन्हा सुरू करणारं ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट’ दिलं होतं. सहकाऱ्याने ओळ जशीच्या तशी पेस्ट केली. बॅशच्या लेखी # नंतरचं सगळं कॉमेंट, म्हणजे न चालवायची टीप, म्हणून तो गप्प. आणि ही कमांड नीट चालली तरी काहीच छापत नाही! सर्व्हिस रीस्टार्ट झाली असं धरून आम्ही तासभर कॉन्फिगमधली चूक शोधत होतो. चूक माझ्या पानात होती. > हा प्रॉम्प्ट तर त्याहून घातक, कारण बॅशच्या लेखी त्याचा अर्थ ‘आउटपुट फाइलमध्ये लिही’: पुढच्या शब्दाच्या नावाची फाइल आधीच असेल तर ती रिकामी होते.

तेव्हापासून मी एका ब्लॉकमध्ये फक्त कमांड देतो, रूट लागत असेल तर सरळ सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लिहितो आणि आउटपुट खाली वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवतो. पान लांबतं, हे खरं. मार्कडाउन फाइली तपासणाऱ्या मार्कडाउनलिंटचा एमडी०१४ नियमही, आउटपुट न दाखवता उगाच लावलेल्या $ ला हरकत घेतो.

दोन मशीनवर आलटूनपालटून काम दाखवायचं असेल, तर मात्र प्रॉम्प्ट कदाचित हवाच. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून तपासणारं पायथनचं डॉकटेस्टही >>> शिवाय चालत नाही. एरवी, ठरवण्याआधी आपलंच एखादं पान टर्मिनलमध्ये उघडून त्यातल्या चार ओळी टाकाऊ कंटेनरमध्ये (मशीनपासून वेगळ्या, नंतर पुसून टाकायच्या जागेत) पेस्ट करून पाहा.