संथ लॅपटॉपवर सरळ चालणारा व्हिडिओ: प्रोसेसिंग वापरून काढलेले काही महिने

गेल्या गणपतीपासून प्रोसेसिंग, म्हणजे कोड लिहून हलती चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, वापरतोय. बेळगावात मंडळाच्या देखाव्यामागे किंवा शिवजयंतीच्या चित्ररथावर आता एलईडी वॉल लागतेच, आणि तिच्यावर काहीतरी चालवावं लागतं. तयार बॅकग्राउंड नेटवर ढिगाने मिळतात, पण बेळगावातल्याच शहापुरात जे दिसतं तेच अनगोळातही. त्यापेक्षा स्वतः कोड लिहिलेला बरा. प्रोसेसिंग फुकट आहे. बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर जुन्या मशिनवरही निमूट उघडतं.

खरी गोची रेकॉर्डिंगची. हजारो कणांचा, म्हणजे ठिपक्यांचा, फडकणारा भगवा झेंडा माझ्या लॅपटॉपवर अडखळतच चालतो. ओबीएस, म्हणजे पडदा रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर, लावलं की ते घड्याळ बघून सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) उचलणार. नवं चित्र तयार नसेल तर जुनंच पुन्हा घेणार. म्हणजे पडद्यावरचा अडखळा जसाच्या तसा फाइलमध्ये. सेटिंगमध्ये बिटरेट वाढवा, एन्कोडर बदला, फरक शून्य. त्यात ओबीएसचा काही दोष नाही, ते काम त्याचं नव्हेच.

उपाय म्हणजे घड्याळच सोडून द्यायचं. ड्रॉ, म्हणजे प्रत्येक फ्रेमला पुन्हा चालणारा कोडचा भाग, त्याच्या शेवटच्या ओळीत सेव्हफ्रेम ही आज्ञा लिहिली की प्रत्येक चित्र क्रमांकासह डिस्कवर उतरतं, मग एका चित्राला दोन सेकंद लागोत की दहा. पण कोडमध्ये कुठेही मिलीज (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) ठेवायचं नाही. वेळ म्हणजे फ्रेमकाउंट (आतापर्यंतच्या फ्रेमची संख्या) भागिले ३०, बस्स. मिलीज राहिलं तर चित्रं हळू निघतात तेवढ्यात झेंडा पुढे पळतो आणि व्हिडिओत वेड्यासारखा फडफडतो. कणांसाठी रँडमसीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बांधून ठेवा, म्हणजे तोच झेंडा पुन्हा काढता येतो.

३ मिनिटांचे ५४०० फ्रेम होतात. फ्रेमला २ सेकंद धरले तर ३ तास. मंडळातल्या पोरांना हे पटत नाही. "तीन मिनिटांचंच आहे नव्हं, मग रात्रभर काय करालास?" असा फोन ठरलेला. वळवाच्या पावसात लाईट गेली आणि बॅटरीनेही दगा दिला, तरी आधीची चित्रं शाबूत राहतात, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही.

आवाजाचा भाग मात्र डोकं खातो. गाणं वाजवत त्याच्या ठोक्यावर कण उडवायचे तर गाणं आपल्या वेगाने जातं आणि चित्रं मागे राहतात. म्हणून ढोल-ताशाची फाइल आधीच मोजून घेतो. ४४,१०० हर्ट्झच्या आवाजात ३० फ्रेमच्या हिशेबाने प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर १४७० नमुने (आवाजाची मोजमापं) येतात. त्यांचा जोर काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहायचा. जितकावा फ्रेम, तितकावी ओळ. मग टिपरू पडताक्षणी कण उसळतात, एक फ्रेमही इकडेतिकडे नाही. वर वेळेची घाई नसल्यामुळे प्रत्येक फ्रेमचे चार उपफ्रेम काढून त्यांची सरासरी घेता येते. वेगातल्या कडा मऊ होतात, आणि एवढ्या मोठ्या वॉलवर ते लगेच जाणवतं.

चित्रं जोडायला प्रोसेसिंगच्या टूल्समध्ये मूव्ही मेकर आहे, पण मी एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर वापरतो. तिथे फ्रेमरेट स्वतः सांगा. नाही सांगितला तर ते २५ धरतं, ३ मिनिटांचा व्हिडिओ ३ मिनिटं ३६ सेकंदांचा होतो आणि गाणं आधीच संपतं. पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) वाययूव्ही४२०पी द्या, नाहीतर वॉलवाल्याच्या प्लेअरवर काळा पडदा दिसायची शक्यता. जोडाक्षरांची भानगड नको म्हणून मराठी-कन्नड अक्षरं इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पीएनजी चित्र म्हणूनच आत घेतो.

ज्याला स्टेजवर लाइव्ह वाजवणाऱ्यांबरोबर चित्रं हलवायची आहेत, त्याने या वाटेला जाऊ नये. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्डच हवं. बाकीच्यांनी डिस्क तेवढी बघून ठेवावी. टीआयएफ प्रकारात चित्र पटकन उतरतं, पण फुल एचडीचा एक फ्रेम ६.२ एमबी, म्हणजे ५४०० फ्रेमना साडेतेहतीस जीबी. पीएनजी जागा वाचवतं आणि वेळ खातं. यंदा एका मंडळाने ४के मागितलंय. त्याचे टीआयएफ १३४ जीबीच्या घरात जातात, म्हणून बाहेरच्या हार्डडिस्कचे पैसे आधी द्या म्हणून सांगून आलोय.