कडक डाएट नको, पण वजन उतरवायचंय: दोनदा जेवणं, ताट बदलणं की चालणं?

आहाराचा छापील तक्ता फ्रिजवर चिकटवून पंधराव्या दिवशी गुपचूप काढून टाकणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. वेगळा स्वयंपाक नको, वजनकाट्यावर तोललेलं पनीर नको, किनोआ नको. घरात जे शिजतं तेच खाऊन वजन उतरवायचं असेल तर तीन वाटा उरतात: खाण्याच्या वेळा कमी करणं, ताटातलं प्रमाण बदलणं, किंवा खाणं आहे तसं ठेवून चालणं वाढवणं. तिन्हींचे पुरस्कर्ते आपलीच वाट खरी म्हणतात. कुठली वाट तुमची, हे जादा खाणं दिवसाच्या कुठल्या कोपऱ्यातून पोटात जातं यावर ठरतं.

आधी हिशेब. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोज 250 कॅलरी कमी पडल्या तर महिन्याला किलोभर वजन उतरतं. डाएट न करता एवढीच अपेक्षा ठेवावी. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली गेला तर त्यात बरंचसं पाणी असतं, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं आणि साठा घटला की तेही जातं. हे पाणी परत आलं की ‘वजन वाढलं’ म्हणून लोक सगळं सोडून देतात.

काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे असा बांधा सर्रास दिसतो, त्यामुळे नुसत्या किलोंवर जाऊ नये. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर धरतात. फासळ्यांची खालची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

दोन वेळा जेवणं

2018-19च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ या वादाने महाराष्ट्रातले व्हॉट्सॲप ग्रुप दणाणून सोडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभी आहे: कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ठरवायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा काळा चहा यापलीकडे काही नाही, गोड टाळायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला वरवर पाहता नेमका उलटा. दर दोन-तीन तासांनी थोडं खा, स्थानिक आणि हंगामी खा, भात-तूप सोडू नका, रात्रीचं लवकर जेवा.

भांडण खाण्याच्या वेळांवरून होतं, पण दोघांच्या यादीतून बाहेर काय गेलं ते बघा: बिस्किटं, फरसाण, पाकिटातलं खाणं, साखरेची पेयं. फरक पडतो तो मुख्यतः तिथेच. दीक्षितांच्या मांडणीत भर इन्सुलिनवर, म्हणजे चरबी साठवायला लावणाऱ्या संप्रेरकावर आहे, प्रत्येक खाण्यागणिक ते स्रवतं म्हणून खाण्याच्या वेळा कमी करायच्या. वजनापुरतं बोलायचं तर वेळेची जादू वेगळी काढून दाखवणं कठीण गेलं आहे. चीनमधल्या 139 लठ्ठ व्यक्तींच्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या अभ्यासात सर्वांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार यातच खाल्लं, दुसऱ्याने दिवसभरात केव्हाही. पहिल्याचं वजन सरासरी 8 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.3, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ती पद्धत दोन जेवणांची नव्हती, पण रोख कळतो.

तरी ही वाट अनेकांना लागू पडते, कारण नियम सोपा आहे. मोजायचं काही नाही, फक्त ‘आत्ता नाही’ एवढंच म्हणायचं. सगळ्यात जास्त फायदा होतो तो दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणाऱ्यांना: ऑफिसात प्रत्येक चहाबरोबर बिस्किटं, दुकानात बसल्या बसल्या चिवडा, मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं संपवणाऱ्या गृहिणी. दोन चमचे साखरेच्या तीन कपांत नुसत्या साखरेच्याच 120 कॅलरी होतात, म्हशीचं दूध वेगळंच. चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे आणखी शंभरेक. मधलं सगळं बंद झालं की 300 कॅलरी सहज वाचतात.

फसते कुठे? एक, ‘55 मिनिटं आहेत’ म्हणून जेवणाचा बेत होतो: पोटभर जेवण, वर शिरा, वर फळं. दोन, प्रथिनं. 65 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 54 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे दोनच जेवणं असतील तर प्रत्येकी 27. दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही एवढं मिळून कसेबसे पंचवीस होतात. पोळी, बटाट्याची भाजी आणि आमटीच्या पाण्यावर दोन जेवणं काढली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि नंतर वजन परत चढतं ते चरबीच्याच रूपात. तीन, वेळा. अकरा आणि सात या वेळा बहुतेकांना झेपतात. एक आणि साडेनऊ ठेवल्या तर दुपारी खा-खा आणि रात्री जड पोटाने झोप, वर आम्लपित्त.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात करू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनंतर जेवण टळलं तर साखर धोकादायक खाली जाते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांवर लांब उपाशी राहण्याचा धोका वेगळा आहे, त्यात साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था, होऊ शकतो. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि पूर्वी खाण्याचे मानसिक विकार झालेले लोक यांच्यासाठी ही वाट नाहीच.

मवाळ रूपही आहे: तीन जेवणं, मधे काही नाही. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी. दोनवर येण्याची गरज पुष्कळांना पडतच नाही. आणि ज्यांना दुपारी एकनंतर थेट रात्री नऊला घरी पोचून भुकेने स्वयंपाकघरावर तुटून पडायची सवय आहे, त्यांच्या बाबतीत दिवेकरांचा सल्ला जास्त शहाणपणाचा ठरतो: पाच वाजता मूठभर भाजलेले चणे आणि एक केळं. तेवढ्याने रात्रीच्या दोन पोळ्या आपोआप कमी होतात.

ताट बदलणं

सगळ्यात कमी गाजावाजा होणारी आणि घरातल्या सगळ्यांना एकदम लागू पडणारी वाट. इथे सुरुवात तेलाच्या डब्यापासून करावी. नवा डबा उघडला की त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घरात पाच लिटर तेल महिन्यात संपत असेल तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच तीन लिटरवर आणलं तर 23 ग्रॅम, 205 कॅलरी. कुणाच्या ताटातला एकही पदार्थ न हलवता माणशी 135 कॅलरी रोज वाचल्या.

कसं करायचं? फोडणीची पळी घ्या आणि ती भरायला चहाचे किती चमचे पाणी लागतं ते एकदा मोजा. प्रत्येक चमचा 40 कॅलरी. चार जणांच्या भाजीला तीन चमचे तेल पुरतं, मात्र कढई जाड बुडाची हवी आणि झाकणीवर पाणी ठेवून वाफेवर शिजवायला हवी. पानात तेलाचा तवंग दिसला नाही की घरचे कुरकुरतात, म्हणून एकदम निम्म्यावर न येता दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. वांगी आणि काचऱ्या तेल पितात. त्यांना आधी वाफवून मग परतलं तर चालतं. दाण्याचा कूट आणि सुकं खोबरंही याच हिशेबात धरायचं. मोठा चमचाभर कूट म्हणजे पन्नास-साठ कॅलरी, आणि भाजीत सहसा चमचा एकच नसतो.

पोळी सोडून भाकरी धरली की वजन उतरतं हा गैरसमज फार पसरला आहे. 30 ग्रॅम कणकेच्या फुलक्यात शंभरेक कॅलरी असतात. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 210 ते 230. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि एकीवर माणूस थांबतो. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर चार पोळ्या झाल्या. भाताचंही तसंच: शिजलेल्या 100 ग्रॅमला साधारण 130 कॅलरी. भात वाईट नाही, वाईट आहे तो पोळ्या पोटभर खाऊन झाल्यावरचा ‘थोडासा’ भात. दोन्ही हवे असतील तर एक पोळी आणि वाटीभर भात.

नेम साधा ठेवावा. ताटाच्या अर्ध्या भागात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ, अंडं किंवा मासा, उरलेल्या पावात पोळी-भात. चटणीएवढी भाजी आणि चार पोळ्या ही आपली सवय नेमकी उलटी आहे. इथे चूक होते ती अशी: लोक पोळ्या चारावरून दोनवर आणतात, पण भाजी-उसळ वाढवत नाहीत. मग पाच वाजता भूक लागते आणि फरसाणाचा डबा उघडतो. आधी उसळ दुप्पट करा, पोळ्या नंतर कमी करा.

उपवासाचं सांगायलाच हवं. 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचा कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा, एवढ्याच्या खिचडीत 430च्या वर कॅलरी, आणि प्रथिनं जी काय ती फक्त दाण्यांची. आठवड्याला दोन उपवास धरणाऱ्यांचं वजन का उतरत नाही, त्याचं उत्तर बहुतेक वेळा या बशीत असतं. वरई आणि दाण्याची आमटी खाताना प्रमाण आवरतं घेतलं तरच ती बरी.

नुसतं चालणं

70 किलोच्या माणसाने साडेचार किलोमीटर चालल्यावर, बसून राहण्याच्या तुलनेत, सुमारे 160 कॅलरी जास्त खर्च होतात. कांदेपोह्यांच्या एका बशीत 300च्या आसपास असतात. सकाळी टेकडी चढून खाली आल्यावर गाड्यावर पोहे आणि गुळाचा चहा घेणारा गट प्रत्येक गावात दिसतो. गप्पा छान होतात, वजन मात्र हलत नाही. खाणं अजिबात न वाढवता रोज चाललात तर कागदावर महिन्याला 600 ग्रॅम. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण चालून आल्यावर भूकही वाढते आणि उरलेला दिवस माणूस जरा जास्तच बसतो.

म्हणून वजन उतरवायला एकटं चालणं ही तिघांतली सर्वांत कमकुवत वाट. उतरलेलं वजन टिकवायला मात्र ती लागतेच. जेवणानंतरची दहा मिनिटं रक्तातली साखर फार चढू देत नाहीत, हा वेगळाच लाभ. वेग ओळखायला घड्याळ नको: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर म्हणजे ताशी सहा, हा वेग साठीतल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपत नाही. त्याने वीस-वीस मिनिटं दोनदा चालावं. शिवाय आठवड्यात दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाच्या तीन फेऱ्या, आणि भिंतीवर दंड. वजन उतरताना स्नायू टिकवण्याचं काम चालण्याने पुरेसं होत नाही.

मग कोणी काय निवडावं

सलग तीन दिवस, त्यात एक रविवार, तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा. कॅलरी नको, फक्त वेळ आणि पदार्थ. जेवणाबाहेरच्या नोंदी चारपेक्षा जास्त भरल्या तर वेळा आवळा. नोंदी तीनच, पण जेवणं भरगच्च आणि तेल महिन्याला माणशी लिटरच्या वर, तर ताट बदला. खाणं आटोपशीर आणि दिवसातले दहा तास खुर्चीवर जात असतील तर चालण्यापासून सुरुवात करा, पण किलोंची घाई करू नका. एकत्र कुटुंबात, जिथे स्वयंपाक सासूबाईंच्या किंवा स्वयंपाकीण मावशींच्या हातात आहे, तिथे तेलावर हक्क चालत नाही, वेळांवर चालतो. फिरतीची नोकरी असेल तर उलट, वेळा पाळता येत नाहीत आणि हॉटेलात ताटच निवडावं लागतं.

तिन्ही एकदम सुरू केलं तर तोच कडक डाएट झाला. एक धरा, सहा आठवडे द्या. वजन सकाळी शौचानंतर, रोज किंवा आठवड्यातून तीनदा घ्या आणि आठवड्याची सरासरी बघा. पाळीच्या आधीचे दिवस आणि लग्नाच्या जेवणाचा दुसरा दिवस हिशेबातून वगळा. सहा आठवड्यांत सरासरी किलोभरही उतरली नाही आणि कंबरही तशीच असेल, तर दुसरी वाट जोडा. खाणं खरोखर कमी असूनही वजन वाढत असेल, सोबत थकवा, केस गळणं, थंडी सोसवेनाशी होणं असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. स्टिरॉइड आणि काही मानसोपचाराची औषधंही वजन वाढवतात. ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.