कॅप राउंडचा फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊ नका – माझे ६५,००० गेले

बारावीची मुलं घरात असतील तर हे वाचाच. सीईटीनंतर इंजिनिअरिंगच्या जागा ज्या सरकारी ऑनलाइन फेऱ्यांतून मिळतात, ते कॅप राउंड. कोल्हापुरात राजारामपुरीत ॲडमिशन गाइडन्सचं ऑफिस थाटून बसलेल्या एका माणसानं मला आधी २५,००० आणि मग ४०,००० ला फसवलं. पैशांपेक्षा मुलीचं जे झालं त्याचा संताप जास्त आहे.

मी शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जातो. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी), फ्रीझ (मिळालेली सीट पक्की करणं), बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघणं) हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या दोघांची कामं यानं केली होती, म्हणून गेलो. मुलीला सीईटीत ९१ पर्सेंटाइल, हवं होतं पुण्यात कॉम्प्युटर. "काका, निवांत राहा, मी हाय न्हवं," म्हणाला. लॉगिनचा पासवर्ड घेतला आणि रजिस्ट्रेशनलाच मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. "ओटीपी रात्री-अपरात्री येतात, तुम्हाला कशाला त्रास," हे कारण. शिफ्टवरच्या माणसाला हे पटतंच हो!

आणि तो क्षण. फॉर्म कन्फर्म व्हायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं प्रिंट दाखवली. मुलगी म्हणाली, "पप्पा, एक नंबरला हे कुठलं कॉलेज? मी तर हे सांगितलंच नव्हतं." त्यानं कागद तिच्या हातातून काढून घेतला, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. "ते बॅकअप आहे, ताई." बॅकअप एक नंबरला असतो का कधी? पण पोरीला गप्प केलं मीच, कारण समोरचा माणूस जाणकार वाटत होता.

पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्या बंद. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या जागांचं ते कॉलेज ९१ ला लागणारच होतं. वर "मुंबईहून बेटरमेंट करून आणतो" म्हणून ४०,००० रोख घेतले. फ्रीझ झालेल्या सीटला बेटरमेंट नसतं, हे मला नंतर कळलं. पासवर्ड कुणालाही देऊ नका. नंबर आपलाच टाका.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "पैसे तुम्ही स्वखुशीनं दिलेत, हा दिवाणी मामला." सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन चोरी झालेली नाही, ठाण्यातच जा. प्रवेशाच्या फेऱ्या चालवणाऱ्या सीईटी सेलच्या हेल्पलाइनवर एकच वाक्य: फॉर्म विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून कन्फर्म झालाय. अरे, मग ओटीपी कुणाच्या मोबाइलवर गेला ते बघा की! कॉलेजनं तर त्या माणसाला ओळखतच नाही म्हणून सांगितलं. मग त्यांची माहितीपत्रकं त्याच्या टेबलावर गठ्ठ्यानं कशी? ज्यानं त्यानं दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचं आणि बापानं रजा टाकून फिरायचं. दिवाणी मामला म्हणे! मुलीचं वर्ष दिवाणी आहे का?

सीट स्वीकारायची सरकारी फी १,००० रुपये, तीही ऑनलाइन. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट मिळतात. रोख मागितली की उठून या.

माझ्याकडे २५,००० ची पावती आहे, ४०,००० ची नाही, मागितल्यावर "विश्वास नाही का?" म्हणाला. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी करतोय. त्याच ऑफिसात अजून कुणी पैसे भरले असतील तर पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप चॅट काही पुसू नका आणि मला कळवा. एकट्याचं कुणी ऐकत नाही, दहाजण गेलो तर ऐकावं लागेल.