वायरविना घरचं इंटरनेट: काही महिने वापरल्यानंतर

दुपारी तीनला विचाराल तर मी या कनेक्शनवर खूश आहे. रात्री नऊला विचाराल तर दोनचार शिव्या गिळून उत्तर देईन. तरीही मी ते बंद केलेलं नाही, कारण आमच्या भागात फायबर अजून आलेलं नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालत नाही.

टॉवरवरून सिग्नल येतो, घराबाहेर किंवा खिडकीत लावलेलं युनिट तो पकडतं आणि आत राउटर वायफाय देतो. रस्ता खणायला नको की खांबावरून वायर ओढायला नको, त्यामुळे जोडणी एका दिवसात होते. इथपर्यंत जाहिरात खरी आहे.

घोळ सुरू होतो तो ‘उपलब्धते’पासून. कंपनीच्या नकाशावर अख्खं राज्य रंगवलेलं असतं. तो रंग सांगतो की तिथे रेंज पोचते. तिथे तुम्हाला कनेक्शन मिळेलच असं तो सांगत नाही. एका टॉवरचे साधारण तीन सेक्टर असतात, प्रत्येक सेक्टर आपल्या बाजूचं सुमारे १२० अंशांचं क्षेत्र सांभाळतो आणि त्याची क्षमता तिथले मोबाइलवाले आणि घरगुती कनेक्शनवाले मिळून वापरतात. सेक्टर भरत आला की कंपनी नवी घरं घेणं थांबवते. म्हणून समोरच्या बिल्डिंगला कनेक्शन मिळतं आणि आपला पत्ता टाकला की ‘सध्या उपलब्ध नाही’ असं येतं. त्यात कुणी लबाडी केलेली नसते, पण नकाशा पाहून हे कळत नाही हेही खरं.

वेगाचंही तसंच. राज्याचा सरासरी वेग वाचून काही ठरवू नका. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी कित्येक किलोमीटर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, पण त्या पट्ट्यात जागा कमी, म्हणून वेग बेताचा. २६-२८ गिगाहर्ट्झवर गिगाबिटच्या गप्पा मारता येतात, पण पल्ला काही शे मीटरचा आणि मध्ये एखादं दाट झाड आलं तरी खेळ खलास. ३.५ गिगाहर्ट्झ या दोन्हींच्या मधलं. शहरातला आकडा आणि लांबच्या वस्तीवरचा आकडा एकत्र करून काढलेली सरासरी दोघांच्याही उपयोगाची नाही.

आता माझे आकडे. प्लॅन १०० एमबीपीएसचा. दिवसा ८५ ते ९५ मिळतात. रात्री आठ ते अकरा ३५-४०, सुट्टीच्या आदल्या रात्री त्याहून कमी. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, दिवसा तीस मिलिसेकंदांच्या आसपास, रात्री कधीकधी शंभरी ओलांडते. अपलोड बाराच्या वर क्वचितच जातं. एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवायचं आणि घ्यायचं असतं आणि त्यातला बराचसा वेळ डाउनलोडला दिलेला असतो, त्यामुळे हे सगळीकडे थोडंफार असंच असणार. व्हिडिओ कॉल बिनघोर चालतात. फोटोंचा बॅकअप मात्र रात्रभर लावून ठेवावा लागतो.

इन्स्टॉल करायला आलेल्या मुलाने युनिट जिथे वायर सर्वांत कमी लागेल तिथे ठोकायला घेतलं होतं. त्याला थांबवलं आणि राउटरचं सेटिंग्जचं पान उघडून दोन आकडे बघायला लावले: आरएसआरपी आणि एसआयएनआर. पहिला सिग्नलची ताकद सांगतो, दुसरा त्याचा स्वच्छपणा. हॉलमध्ये उणे १०८ आणि ४. टॉवरच्या बाजूच्या गॅलरीत, बाहेरच्या अंगाला, उणे ९१ आणि १६. घर तेच, अंतर पाचसहा पावलांचं. उणे १०८ पेक्षा उणे ९१ चांगलं, हे लक्षात ठेवा. राउटरवरच्या दांड्या बघून यातलं काही समजत नाही. उन्हाची धग अडवणारी धातूच्या लेपाची काच असेल तर युनिट खिडकीच्या आत ठेवूच नका, ती काच सिग्नलही अडवते. बाहेरच्या युनिटला वीज आणि डेटा एकाच केबलमधून जातो, त्यामुळे भिंतीला एकच भोक पडतं.

याच दोन आकड्यांनी पुढे माझं कस्टमर केअरशी होणारं भांडण सोपं केलं. रात्री वेग पडला की तिकडून ठरलेलं उत्तर: राउटर बंद करून चालू करा. पण रात्रीही आरएसआरपी आणि एसआयएनआर जवळपास दुपारइतकेच होते. सिग्नल तोच आणि वेग निम्मा, म्हणजे दोष माझ्या घरात नाही, सेक्टरवर गर्दी आहे. हे स्क्रीनशॉटसह कळवल्यावर निदान ‘राउटर बदलून घ्या’चा आग्रह तरी थांबला. वेग वाढला नाही, तो भाग वेगळा. काही कंपन्या गर्दीच्या वेळी मोबाइल ग्राहकांना आधी वाट देतात आणि घरगुती कनेक्शन मागे ठेवतात; अटींच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही असतं.

पावसाची भीती मला होती. ३.५ गिगाहर्ट्झवर पावसाच्या थेंबांनी फारसा फरक पडत नाही. तो त्रास वरच्या फ्रिक्वेन्सींचा. ओल्या पानांनी मात्र पडतो. घरची लाईट गेली तर राउटर आणि युनिट दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर टॉवर चालू असूनही तुम्ही बंद.

बाहेरून घरचा कॅमेरा बघणारे आणि स्वतःचा गेम सर्व्हर चालवणारे यांनी घेण्याआधी पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळतो का ते विचारा. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून घरातल्या उपकरणाकडे वळवणं, चालणार नाही. कॅमेरा कंपनीच्या क्लाउडमधून चालत असेल तर अडत नाही.

पैसे परत मिळण्याची मुदत असेल तर तिच्यात एक तरी शनिवारची रात्र येऊ द्या आणि तेव्हाच वेग मोजा, तोही वायफायवर नाही, लॅपटॉपला केबल लावून.