फोर्ड ८एन की फार्मॉल कब?

अमेरिकेत हलक्या शेतकामासाठी आणि संग्रहासाठी जुना छोटा ट्रॅक्टर शोधणाऱ्यांची निवड बहुधा या दोघांपाशी येऊन थांबते. दोन्ही १९४७ मध्ये बाजारात आले. ८एनचे उत्पादन १९५२ मध्ये थांबले, तर फार्मॉल कब १९६४ पर्यंत त्याच नावाने निघत राहिला.

८एनची खरी जमेची बाजू म्हणजे हायड्रॉलिक थ्री पॉइंट लिंकेज (मागे अवजार तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलणारी रचना), कारण त्यामुळे आजची साधी अवजारेही त्याला सहसा जोडता येतात. मात्र त्याचा पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) गिअरबॉक्समार्फत फिरत असल्याने, मागे गवत कापण्याचे यंत्र असताना क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. म्हणून पीटीओच्या दांड्यावर ओव्हररनिंग क्लच (अवजाराचा जोर उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा जोड) बसवल्याशिवाय हे काम करूच नये. पाच लाखांहून अधिक ८एन तयार झाल्याने सुटे भाग सहज मिळतात, पण दुर्मीळतेचा मान त्याला नाही.

कबची ताकद जेमतेम १० अश्वशक्तीच्या आसपास आहे आणि नांगरटीत तो लवकर दमतो. परंतु इंजिन एका बाजूला आणि चालकाची बैठक दुसऱ्या बाजूला असल्याने पिकाची ओळ थेट नजरेखाली राहते, आणि भाजीपाल्याच्या कोळपणीत ८एन त्याच्या जवळपासही येत नाही. त्याच्या पीटीओचा वेग मात्र प्रचलित, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा नाही, त्यामुळे अवजारे त्याच्यासाठीच बनलेली शोधावी लागतात. संग्राहकाला अर्थात त्यातच गोडी वाटते.

एकच घ्यायचा आणि राबवायचा असेल, तर मी ८एन घेईन. एकरभर भाजीपाला असेल, तर कब.