टोकन 31 : सात रस्त्याजवळचा हाडांचा दवाखाना

आधी गाऱ्हाणं. वेळ दिली होती अकराची, नंबर लागला दीडला. बाकं कमी, पंखा एक आणि मार्चमधलं सोलापूर. खाली गाडी लावायची सोय नाही. काउंटरवरच्या पोरीला काहीही विचारा, "होईल, होईल" एवढंच. याचा एक स्टार कापला. उरलेले चार डॉक्टरांचे.

माझा भाचा चौदाचा, कबड्डीवेडा. उजव्या गुडघ्याच्या जरा खाली टेंगूळ आलेलं, दीड महिना दुखतंय. खेळताना पडला, मार बसला, असं घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. शेजारणीने हाडवैद्याचा पत्ताही दिला, तेल लावून चोळून बांधतो म्हणे. ताई निघालीच होती, मी अडवलं. कारण हा पोरगा अकरा महिन्यांचा असताना त्याच्या दोन्ही डोळ्यांत गाठी निघाल्या होत्या. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. मुंबईला डावा डोळा काढला, उजव्याला किरणं दिली. त्यानंतर घरात या विषयावर कुणी बोलत नाही.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सहज विचारलं, "लहानपणी काही मोठं दुखणं?" ताई गप्प. मीच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाहेर एवढी गर्दी असताना पंधरा-वीस मिनिटं आमच्याशी बोलत बसले. (नंतर बाहेरच्या एका आजींशी तेलुगूत बोलताना ऐकलं, त्यांच्याशीही तेवढ्याच सबुरीने.)

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हाडातच सुरू होणारा कॅन्सर फार कमी, सगळ्या कॅन्सरमध्ये शंभरात एकसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाडात सापडतो तो बहुतेक वेळा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस असा दुसरीकडून आलेला. मुलांमधला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडातच सुरू होणारा एक कॅन्सर, उंची वाढायच्या वयात येतो आणि जास्त करून गुडघ्याजवळ. मार लागून तो होत नाही. मार लागला म्हणून आपण तिथे बघतो आणि आधीचंच काहीतरी दिसतं. बहुतेक पोरांत कारण सापडतच नाही. पण आमच्या पोराचं वेगळं. दोन्ही डोळ्यांत गाठी म्हणजे आरबी1 या जनुकातला दोष सगळ्या अंगात आहे, म्हणून हाडांना धोका इतरांपेक्षा जास्त. शिवाय किरणं दिली तिथल्या, डोळ्याभोवतीच्या हाडांवर आयुष्यभर लक्ष ठेवायचं.

ताईने हळूच विचारलं, "माझ्यामुळे आलं का हो?" इतकी वर्षं हे तिच्या पोटात होतं, मला आत्ता कळलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, पुष्कळदा हा दोष बाळातच नव्याने तयार होतो. आईबापात नसतोच."

मग एक्स-रे आणि एमआरआय. "दुसऱ्या पोराला एवढ्यावर एमआरआय सांगितला नसता," हे त्यांनी आपणहून सांगितलं, आणि तो कुठून करायचा ते आमच्यावर सोडलं. कट प्रॅक्टिसच्या जमान्यात मला हेच सगळ्यात आवडलं.

निघालं ऑसगुड-श्लॅटर. वाढत्या वयात उड्या-पळापळीने गुडघ्याची शीर हाडाला जिथे चिकटते तिथे ताण येऊन सुजतं. कॅन्सर नाही. दोन महिने कबड्डी बंद, पोरगं माझ्यावर रुसलंय. यापुढे कधी झोपेतून उठवणारं दुखणं किंवा वाढत जाणारी सूज दिसली, तर चोळायचं नाही, थांबायचं नाही. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायची (बायोप्सी) वेळ आलीच तर जिथे ऑपरेशन होणार तिथेच काढायचा, वाटेत कुठेतरी नाही. म्हणजे बार्शीचं नर्गिस दत्त किंवा मुंबईचं टाटा, ही कॅन्सरची हॉस्पिटलं, असं ते म्हणाले.

जाणार असाल तर जुने कागद सोबत न्या. आमची मुंबईची फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत होती, ती दाखवायला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. साडेआठलाच जाऊन उभा राहिलो, टोकन मिळालं 4.